लुओ-सानची निळीची बादली

आमच्या शेजारच्या लुओ-सान रोज सकाळी बादलीला दारू पाजत. थट्टा नाही. जपानमधल्या ग्योतोकुच्या त्या चार मजली इमारतीत आमच्या बाल्कन्या लागून होत्या, मधे नुसता एक पातळ पत्रा. मी कपडे वाळत घालत असे आणि पलीकडे लुओ-सान उकिडव्या बसून अर्धा कप तांदळाची दारू बादलीत ओतत, वाकून वास घेत, बोट बुडवून चाखत आणि बादलीला विचारत, "झोप लागली का?"

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी नवऱ्याबरोबर पुण्याहून नुकतीच आलेली, जपानी जेमतेम. लुओ-सान चीनच्या दक्षिणेकडच्या डोंगरातल्या, बुयी जमातीच्या, एका जपानी माणसाशी लग्न करून आलेल्या, घरात दोघंच. वयाने माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या. दोघींचंही जपानी सारखंच मोडकं असल्यामुळे आमचं छान जमलं.

बादलीत नीळ होती. लुओ-सान छोट्या पातेल्यात मेण वितळवायच्या आणि तांब्याच्या पात्याने पांढऱ्या कापडावर नक्षी काढायच्या. आधी रेघ नाही, पट्टी नाही, थेट हात. मग कापड बादलीत बुडवायचं. वर काढलं की हिरवं दिसे, आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होई. असं दहा-बारा वेळा. शेवटी उकळत्या पाण्यात मेण सुटून जाई आणि मेणाखालची नक्षी पांढरीशुभ्र राही.

या बाईंना वेड होतं ते त्या बादलीचं. नीळ जिवंत असते, असं त्या म्हणत. तिच्यासमोर भांडायचं नाही, मासा तळायचा नाही. इमारतीचा मॅनेजर वासाची तक्रार घेऊन आला, तर त्यालाच त्यांनी हळू बोलायला लावलं. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे पोटुशी बाई जवळ येता कामा नये. तिची सावली पडली तरी नीळ मरते म्हणे.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण पहिला निळीचा गोळा त्यांच्या आईने लग्नात बरोबर दिलेला, तेव्हापासून सहा वर्षं त्यांनी ही नीळ जगवली होती आणि आई आता राहिली नव्हती.

त्या हिवाळ्यात सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला त्यांना तीन दिवस नवऱ्याच्या गावी जावं लागलं. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाल्या, सकाळी अर्धा कप, हळूच ढवळायचं, झाकण लावायचं.

आता पंचाईत अशी, की मला दिवस गेले होते. आणि आमच्यात तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नसतं. आईने तर फोनवर बजावलं होतं, शेजारणीला मुळीच नाही. मराठीत मी दहा सबबी सांगितल्या असत्या. जपानीत एक सुचेना. शिवाय मी बीएस्सी झालेली. म्हटलं, बादलीला काय कळतंय!

तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर फेस नाही, तांबूस साय नाही. नुसतं करडं पाणी आणि कुजलेल्या पालकासारखा वास. घाबरून मी उरलेली अख्खी बाटली आत ओतली. काही उपयोग झाला नाही. नवरा म्हणाला, थंडीने झालं असेल. असेलही. मला रात्रभर झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी लुओ-सान आल्या त्या पिशवी हातात तशीच घेऊन बाल्कनीत गेल्या. मी मागोमाग. त्यांनी झाकण उचललं, वास घेतला आणि वळून माझ्याकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, पोटाकडे.

"कितवा महिना?"

"दुसरा," मी म्हटलं. माफीची तीन जपानी वाक्यं नवऱ्याकडून शिकून पाठ केली होती, त्यातलं एकही आठवेना.

त्या रागावल्या नाहीत. बादलीशेजारी बसल्या आणि सावकाश, मोडकं-तोडकं सांगत राहिल्या. त्यांच्या गावात बाईला स्वतःला कळायच्या आधी निळीला कळतं. नीळ मेली की घरातल्या बायका एकमेकींकडे बघून हसतात. नवी नीळ काय, करता येते.

"रोज सकाळी वाटायचं, आज मेलेली असेल," लुओ-सान म्हणाल्या. "सहा वर्षं. कधीच मेली नाही."

मला रडूच फुटलं. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी थोडा वेळ धरू दिला. मग उठल्या, ते पाणी टाकून द्यायला हवं म्हणाल्या. मी पुढे होऊन बादलीची कडी धरली, तर माझ्या हातावर चापट बसली.

"जड उचलायचं नाही," त्या म्हणाल्या, आणि एकट्यानेच बादली ओढत मोरीकडे घेऊन गेल्या.