ढग घट्ट, जमीन पोकळ

दातांच्या डॉक्टरीणबाईंना व्हिडिओ गेम खेळायचा नव्हता, तो आतून कसा बनतो ते बघायचं होतं. स्क्रीनवरचा माणूस उडी मारतो म्हणजे नेमकं काय होतं, या प्रश्नाने त्यांना भंडावून सोडलं होतं. पेशंटला इंजेक्शन दिलं, की हिरडी बधिर होईपर्यंत बाई पार्टिशनमागच्या कॉम्प्युटरवर हजर!

त्या दिवशी खुर्चीत ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर होते. नवशिक्यांच्या शेजारी बेधडक बसणारा हा माणूस दाढ काढायची म्हटल्यावर पार गळाला होता. इंजेक्शन देऊन "निवांत बसा हं, आलेच," म्हणत बाई आत गेल्या आणि त्यांनी नणंदेला फोन लावला. नणंद या विद्येत त्यांच्याहून एक गेम पुढे होती.

"वन्सं, माझा माणूस पुन्हा गेला!"

"अगं, जमीन नुसती रंगवून चालत नाही. ती घट्ट आहे, हे कॉम्प्युटरला सांगावं लागतं."

"सांगितलं की! तरी उभा केला की खाली जातोच."

"मग तो काढून टाक, नवा घे. शिकताना सगळ्यांचेच मरतात."

"सगळ्यांचेच मरतात? मग हायसं वाटलं बाई. थांबा, एक तयारच आहे. आता याला उडवते!"

पार्टिशनपलीकडे फक्त बाईंचंच बोलणं ऐकू जात होतं. मास्तर गळ्यातल्या फडक्यासकट उठले आणि बाहेरच्या बाकांपुढे जाऊन ओरडले, "हळा! हाई हाणसं हारतायत!"

शब्द कुणालाच कळले नाहीत, पण लोंबणारा अर्धा ओठ आणि पांढरेफटक डोळे पुरेसे होते. बाक रिकामे झाले.

बाई चिमटा घेऊन परतल्या तर खुर्चीत कुणी नाही. हातातला चिमटा तसाच घेऊन त्या जिन्यावरून धावल्या. "मास्तर, थांबा! तुमची अजून काढायचीय!"

त्यामुळे जिन्यात घुटमळणारे उरलेसुरलेही रस्त्यापलीकडे पोचले.

आपल्या फोनवरच्या बोलण्याने हा घोळ झालाय, हे ध्यानात येताच बाईंना हसावं की रडावं कळेना. "अहो, गेममधला माणूस हो! वर या, दाखवते," त्या काकुळतीने म्हणाल्या. आधी गाल सुजलेल्या काकू आल्या, मग बाकीचे, आणि सर्वांत शेवटी मास्तर. मास्तरांना खुर्चीत बसवून बाईंनी स्क्रीन पार्टिशनबाहेर ओढून त्यांच्याकडे वळवली. छोटा माणूस उगवला आणि जमिनीतून आरपार गेला.

"हा का हडतो?" मास्तरांनी विचारलं.

"तेच तर कळत नाहीये!"

मास्तरांनी कीबोर्ड मांडीवर ओढला. माणूस उगवताच त्यांनी त्याला उडी मारायला लावली. ठण्ण! माणसाचं डोकं ढगावर आपटलं.

"बाई, तुमचा ढगच घट्ट आहे की!" काकू ओरडल्या.

"अगं बाई! म्हणजे मी जमीन समजून ढगाला..." बाईंनी घाईघाईने दुरुस्ती केली. माणूस जमिनीवर उभा राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग मास्तर त्याला पळवू लागले. खड्डा आला की त्यांचा पाय आपोआप ब्रेक शोधायचा आणि तोंड आ वासायचं. बाईंनी दिवा खाली ओढला. चिमटा हळूच त्या वासलेल्या तोंडाकडे नेला.

माणूस शेवटचा खड्डा पार करून गेला. मास्तरांनी सुस्कारा सोडला, कीबोर्ड बाजूला ठेवला आणि डोळे गच्च मिटले.

"हं, हाई. काढा आता दाढ."

बाईंनी वाटी पुढे धरली. मास्तरांनी डोळे उघडले, वाटीतल्या दाढेकडे पाहिलं, जिभेने जागा चाचपली. मग कीबोर्ड पुन्हा मांडीवर ओढला.

"दुसऱ्या हाजूचीही जरा ठणकते," ते म्हणाले. "हण त्याला खड्डे हाढवा."