चौगुलेबाईंचा पैलवान

चौगुलेबाई ऑफिसला जायच्या आधी रोज सकाळी पाच-सहा वेळा ऑफिसला जायच्या.

वाचून गोंधळलात ना? आम्हीही गोंधळलो होतो. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, हातात छत्री अशा त्या वरून खाली यायच्या, फाटकाबाहेर पडायच्या आणि मी गॅसवरचं दूध उतरवते न उतरवते तोच परत वर. जरा वेळाने पुन्हा खाली. माझी मुलगी तेव्हा लहान होती. चंदीगडच्या हवेत ती मराठी समजायची, पण उत्तर हिंदीतच द्यायची. ती खिडकीतून धावतं वर्णन करायची, "मम्मी, आंटी फिर ऑफिस गईं! मम्मी, आंटी फिर आ गईं!"

पंजाबातली ती वाईट वर्षं. माझे मिस्टर एअरफोर्समध्ये. कॅम्पात क्वार्टर मिळेना म्हणून आम्ही सेक्टर बावीसमध्ये भाड्याने राहत होतो. खाली मालक, मधे आम्ही आणि वर गच्चीवरच्या एका खोलीत, बरसातीत, चौगुलेबाई. मालक म्हणजे एक वयस्क सरदारजी. सगळे त्यांना दारजी म्हणायचे. मुलं परदेशी, बायको गेलेली. अख्ख्या घरात फोन एकच, तो त्यांच्याकडे.

बाई मूळच्या कोल्हापूरकडच्या. त्यामुळे "मी जातो, मी येतो, मी जेवलो" असंच बोलणार. मी नाशिकची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आत आणखी कुणी पुरुषमाणूस आहे. त्यांचे यजमान लष्करात होते. जवळच्या चंडीमंदिर छावणीत पोस्टिंग असताना अचानक हृदयविकाराने गेले. सासरचे न्यायला आले, तर बाई म्हणाल्या, "मी कशाला येऊ? नोकरी हाय माझी इथं." नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, ट्रंक ऑपरेटरची. कानाला हेडफोन लावून दिवसभर अमृतसरला जालंधर आणि लुधियान्याला दिल्ली जोडून द्यायची. त्यामुळे आवाज असा की त्या वर भाजीला फोडणी कशाची द्यायची याचा विचार करू लागल्या तरी आम्हाला खाली कळावं. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी, "आवाज येतोय का?"

"वहिनी, दूधवाल्याला मी सांगून ठेवलंय, आवाज येतोय का?" अहो बाई, तुम्ही माझ्यासमोर उभ्या आहात! पण ती सवय काही गेली नाही. देवळात आरती झाल्यावर हात जोडून देवाला सुद्धा त्यांनी हेच विचारलेलं मी या कानांनी ऐकलंय.

आता पैलवानाकडे येते. पैलवान म्हणजे बाईंचं कुत्रं. नाव पैलवान आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशी तब्येत! कुणी साहेब बदली होऊन गेले, सामानाचा ट्रक गेला, माणसं गेली आणि हे कुत्रं त्या बंद फाटकाशी बसून राहिलं. येता-जाता बाईंना दिसायचं. एके दिवशी त्या त्याला छत्रीच्या दांड्याने हाकलत हाकलत घरीच घेऊन आल्या. म्हणाल्या, "हाकललं तरी जाईना, मग आणलं."

बाई घरात असल्या की पैलवान म्हणजे अगदी गरीब गाय. पण बाईंनी कुलूप लावलं रे लावलं की सुरू! भुंकणं, विव्हळणं, दार खरवडणं, पुन्हा भुंकणं. पार बाई परत येईपर्यंत. माझं डोकं उठायचं. पण खरा त्रास दारजींना व्हायचा. ते तिसऱ्याच दिवशी जिन्यात येऊन उभे राहिले. "बहनजी, ये कुत्ता है या सायरन? मेरा तो दिल बैठ जाता है."

दारजी रागीट नव्हते. कारण पुढे त्यांच्याच तोंडून कळलं. ते सरहद्दीकडच्या गावातून शहरात राहायला आले होते. तिकडे रात्री कुत्रं भुंकलं की समजायचं, कुणीतरी आलंय. मग अतिरेक्यांचा निरोपच फिरला गावात. कुत्री भुंकतात, आमचा माग लागतो, ती गप्प करा, नाहीतर आम्ही करू. दारजींकडेही होता एक, शेरू नावाचा. त्याला त्यांनी कसा गप्प केला हे त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "बैसाखी तक देखूंगा. फिर या कुत्ता जाएगा, या बरसाती खाली होगी."

त्या दिवसांत एकट्या बाईला दुसरी खोली मिळणं म्हणजे दिव्यच होतं. आम्ही सगळ्यांनी बाईंना सल्ले दिले. मी म्हटलं, तोंडाला जाळी बांधा. बाई माझ्यावर अशा उखडल्या! "तुमच्या तोंडाला बांधू का, वहिनी? अहो, त्याला वाटतंय, मी गेलो म्हणजे गेलोच. गेलेलं माणूस परत येतं, हे त्याला कुणी दाखवलंच न्हाई. ते दाखवाय पाहिजे."

आणि मग सुरू झालं ते ऑफिसला जाणं.

आधी नुसतं कुलूप लावून जिन्यात बसायचं, मटार सोलायचे आणि कुत्र्याने तोंड उघडायच्या आत परत आत. मग फाटकापर्यंत. मग कोपऱ्यापर्यंत. परत आल्यावर लाडबीड काही नाही, जणू गेल्याच नव्हत्या. कुत्रं साडी आणि पर्स बघून अस्वस्थ होतं हे लक्षात आल्यावर त्यांनी नवीच टूम काढली. रविवारी सकाळपासून ऑफिसची साडी नेसून, खांद्याला पर्स अडकवून घरकाम. भाकऱ्या थापताना पर्स, केर काढताना पर्स. एकदा गच्चीवर पापड वाळत घालतानाही पर्स होती. समोरच्या बायका मला विचारायला लागल्या, बहनजींची तब्येत ठीक आहे ना?

आमच्या कोपऱ्यावर तेव्हा पोलिसांचा नाका होता. वाळूची पोती, मागे बंदूकधारी जवान. ही बाई रोज पर्स घेऊन नाक्यापर्यंत येते, थांबते, घड्याळ बघते आणि माघारी वळते. अहो, कुणालाही संशय येईल! एक दिवस त्यांनी अडवलंच. मी भाजी घेऊन तिथूनच येत होते, म्हणून हा संवाद मला तोंडपाठ आहे.

"मॅडम, किधर जाना है?"

"ऑफिस."

"तो जाती क्यों नहीं?"

"अभी जाना नहीं है. अभी सिर्फ निकलना है."

जवानाने पर्स उघडायला लावली. आत मटार. तो आणखीनच सावध झाला. "ये सब क्या चल रहा है?"

"कुत्ते को ट्रेनिंग दे रही हूं."

"कुत्ता कहां है?"

"घर पे! वो घर पे है इसीलिए तो मैं इधर हूं. आवाज आ रही है क्या?"

शेवटी दारजींना बोलवावं लागलं. ज्या माणसाने कुत्र्याला हाकलायची मुदत दिली होती, त्यानेच हात जोडून सांगितलं, "हमारी ही बहनजी है, जी. कुत्ता भी हमारा है." तिथून परत येताना दारजी पुढे आणि बाई मागे. मला वाटलं, आता माफीबिफी मागतील. छे! बाई मागून म्हणतात, "दारजी, अब आप भी जरा धीरे चलो. आज मुझे टाइम बढाना था."

आणि पैलवान गप्प राहायचा वेळ खरंच वाढत गेला. दूध तापेपर्यंतचा, मग रेशनच्या रांगेएवढा, मग अर्ध्या ड्युटीएवढा. एका दुपारी मी जेवून आडवी झाले आणि चक्क झोप लागली. जागी झाले तेव्हा लक्षात आलं, वर काही म्हणजे काही आवाज नाही. दारजी जिन्यात कान देऊन उभे होते. बैसाखी यायची होती अजून. बाई संध्याकाळी आल्या, त्यांनी ते ऐकलं, कमरेवर हात ठेवून पैलवानाकडे बघितलं आणि जिलेबी वाटली. मला तर स्वतःचं मूल पास झाल्यासारखं वाटलं. येईल-जाईल त्याला मी सांगत सुटले, आमच्या चौगुलेबाईंनी ना मार दिला, ना जाळी बांधली, नुसतं जाऊन-येऊन कुत्रं गप्प केलं.

गप्प म्हणजे किती! पोस्टमन आला तरी गप्प, मांजर समोरून गेलं तरी गप्प. माझ्याकडे बरसातीची एक किल्ली असायची. मी भाकरी घालायला जायची तर नुसतं शेपूट हलायचं. भुंकणं म्हणून काही असतं हे तो विसरूनच गेला.

मग एका दुपारी अचानक कर्फ्यू लागला. काय झालं, कुठे झालं, कुणालाच धड कळेना. बाजार धडाधड बंद झाला आणि नेहमी गजबजलेल्या आमच्या रस्त्यावर एक सायकल दिसेना. माझे मिस्टर कॅम्पातच अडकले. चौगुलेबाई एक्स्चेंजमध्ये. पुढच्या पाळीची बाई येऊ शकत नव्हती, म्हणजे उठता येणार नाही हे उघडच होतं. मी मुलीला घेऊन खाली दारजींकडे बसले. खरं सांगते, मी घाबरले होते.

दिवेलागणीला फोन वाजला. दारजींनी उचलला आणि बघता बघता त्यांचा चेहरा बदलला. "हां बहनजी... हां, सब ठीक... नहीं, बिल्कुल नहीं भौंका." मग त्यांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला.

"वहिनी, ऑफिसच्या टेबलावरनं बोलतोय. पैलवानाला खाली आणा जरा. एकदा भुंकवा त्याला."

"भुंकवू? अहो, इतके दिवस..."

"व्हय, माझं मलाच हसू येतंय. दुपारपासनं सगळ्यांस्नी त्यांच्या त्यांच्या घरी लावून दिलं, वहिनी. कुणाची आई, कुणाचा पोरगा. म्हटलं, आपण पण एकदा घरी लावू."

त्यांचा आवाज असा हळू मी कधी ऐकला नव्हता. मी धावत वर गेले आणि पैलवानाला घेऊन आले. तो शहाण्यासारखा फोनसमोर बसला. मी चुटक्या वाजवल्या, मुलीने मांजराचा आवाज काढला, बिस्किट दाखवून लपवलं. पठ्ठ्या ढिम्म! आणि मग दारजी, तो सहा फुटी, पांढऱ्या दाढीचा माणूस, गुडघे टेकून जमिनीवर बसले. पगडी सावरली. क्षणभर डोळे मिटले आणि भुंकले. असं हुबेहूब भुंकले की माझ्या अंगावर काटा आला.

रिसीव्हरमधून आवाज आला, "दारजी, ये तो आप हो."

दारजी हसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्यांनी ते पुसलंही नाही. तसाच रिसीव्हर पैलवानाच्या कानाला लावला आणि म्हणाले, "आप बोलो, बहनजी."

"पैलवाना," बाई म्हणाल्या.

पैलवानाने मान वाकडी केली. रिसीव्हर हुंगला, फोनच्या मागे जाऊन बघितलं, दाराकडे पळाला, परत आला. आणि भुंकला! एकदा नाही, दोनदा नाही. बाई कुठे आहेत, का येत नाहीत, अशी सगळी विचारपूस एकदमच बाहेर पडली. बंद गल्लीभर तो आवाज घुमला. मी सवयीने त्याला दटावायला गेले, तर दारजींनी माझा हात धरला.

 पलीकडून बाईंनी घसा साफ केला. "बास रे, बास. ऐकलं मी." मग मला म्हणाल्या, "हा फोन असाच राहू दे. मी इकडचा टेबलावर काढून ठेवतो. कॉलांनी बोर्ड भरलाय माझा, जातो."

दारजींनी आपली चादर जमिनीवर अंथरली आणि रिसीव्हर तिच्यावर ठेवला. पैलवान त्याला नाक लावून पसरला. आतून, लांबून, बाईंचा आवाज येत होता. "नंबर बोलिए... माताजी, रोना नहीं, बेटा मिल गया है, बोलो उससे... हां जी, लुधियाना, अभी देती हूं." शेजारच्या खोलीत बसल्यासारख्या त्या एकेकाला धीर देत होत्या. किती जणांना, कोण जाणे. आम्ही तिघं ऐकत बसलो. मला बाईंचा इतका अभिमान वाटला की माझी भीती कुठल्या कुठे गेली.

मुलगी पेंगुळली. मी उठता उठता दारजींना विचारलं, "रिसीव्हर ठेवू का जागेवर? तुमच्या मुलांचा फोन यायचा असेल."

दारजींनी ओठांवर बोट ठेवलं. "रहने दो, पुत्तर," ते हळूच म्हणाले. "बहनजी घर आई हुई हैं."