सर्वांना, मार्फत जावकबाई

सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी पाणीपुरवठा कार्यालयाच्या मोठ्या साहेबांनी एक बटण दाबले आणि जावकबाईंची एकतीस वर्षांची नोकरी निकालात काढली. निदान साहेबांचा तसा समज होता.

जावकबाई म्हणजे आवक-जावक टेबलावरच्या बाई. बाहेर पडणारा प्रत्येक कागद त्यांच्या हाताखालून जायचा. क्रमांक, शिक्का, वहीत नोंद, मगच पाकीट. आता सर्व्हरवाल्याने सर्व्हरवर एक यादी तयार केली होती. 'सर्वांना' या एका पत्त्यावर पत्र टाकले, की ते पंपावरच्या मदतनिसापासून मंडळाच्या अध्यक्षबाईंपर्यंत सहाशे चाळीस जणांना पोचणार. मग जावक टेबल हवेच कशाला? साहेबांनी बाईंना पुढच्या महिन्यापासून तळघरात, बाद मीटरांच्या कोठीत बसायला सांगितले होते. तिथे खिडकी नव्हती आणि कामही नव्हते. निवृत्तीला दोन वर्षे उरलेली असताना मोडक्या मीटरांच्या पंगतीत जाऊन बसायचे, याची बाईंना मनापासून लाज वाटत होती.

तर साहेबांचे पहिले पत्र सुटले : 'आजपासून सर्व सूचना या यादीवर मिळतील.' भांडारपाल रजेवर होता. त्याच्या संगणकाने इमानाने परस्पर उत्तर दिले, 'मी रजेवर आहे.' ते यादीवर आले, म्हणजे सहाशे चाळीस जणांना गेले. त्यांतला एक निरीक्षकही रजेवर होता. त्याच्या संगणकाने कळवले, 'मीही रजेवर आहे.' तेही सर्वांना. त्यावर भांडारपालाचा संगणक पुन्हा बोलला. दोघे गृहस्थ आपापल्या घरी पाय पसरून पडले होते आणि त्यांचे संगणक एकमेकांना रजेची बातमी देता देता थकत नव्हते.

मग माणसे मध्ये पडली. 'मला या यादीतून काढा,' असे एकाने सर्वांना लिहिले. 'सर्वांना उत्तरे पाठवू नका,' असे एकोणीस जणांनी सर्वांना कळवले. देयक विभागातल्या एका सज्जनाने साहेबांचे अभिनंदन केले, तेव्हा आपण मागे पडू या भीतीने शंभरेक जणांनी केले. बारा वाजेपर्यंत सर्व्हरने अंग टाकले.

"काय लावलंय हे?" साहेब सर्व्हरवाल्यावर कडाडले.

"साहेब, यादी उघडी आहे ना. कोणीही काहीही टाकतंय. मी असं करतो, आलेलं प्रत्येक पत्र आधी अडवून ठेवतो. कोणीतरी वाचून सोडेल, तेव्हाच ते पुढे जाईल."

"मग अडव! सगळ्यांचं अडव! कोणाला अपवाद नको!"

"पण वाचायला बसणार कोण?"

साहेबांनी खिडकीजवळच्या जावक टेबलाकडे बोट दाखवले. "त्यांना बसव. महिनाअखेरपर्यंत त्यांना दुसरं काम तरी काय आहे?"

सर्व्हरवाला दोन मुलांचा बाप, स्वभावाने गरीब. त्याने बाईंना पडद्यावरची दोन बटणे दाखवली. एक सोडायचे, एक परत पाठवायचे. "एवढंच बघा बाई. पत्र नीट वाटलं तर सोडा."

"नीट म्हणजे?"

"तुम्हाला नीट वाटेल तसं."

हे वाक्य त्याने बोलायला नको होते. बाईंनी नवी वही उघडली, समास आखला आणि कामाला लागल्या. 'विषय लिहिलेला नाही. परत.' 'खाली नाव नाही. परत.' पंप अभियंत्याने लिहिले, 'माझी छत्री कोणीतरी नेली आहे.' बाईंचा शेरा : 'छत्रीचे वर्णन नाही. परत.' अभियंता तणतणत टेबलापाशी आला.

"अहो, छत्रीचं काय वर्णन करायचं? काळी आहे!"

"या इमारतीत दोनशे काळ्या छत्र्या आहेत. मूठ कसली?"

"लाकडी. तिला एक भेग आहे."

"मग तसं लिहा ना. मी काय अंतर्ज्ञानी आहे?"

अभियंत्याने तसे लिहिले आणि तासाभरात छत्री मुकाट्याने त्याच्या खुर्चीला येऊन लटकली. पण अशा उपकारांची आठवण कोण ठेवतो? गुरुवारपर्यंत सगळे कार्यालय बाईंच्या नावाने खडे फोडू लागले. खुद्द साहेबांचे 'बैठक उद्या' हे पत्र 'उद्या म्हणजे कोणती तारीख?' असा शेरा घेऊन परत गेले, तेव्हा तर साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"माझं पत्र परत? या बाईंना महिनाअखेरपर्यंत ठेवायचंच नाही. सोमवारपासून तळघर!"

शुक्रवारी दुपारी तीनला साहेबांनी तसा आदेश लिहून 'सर्वांना' पाठवला. त्यांच्याच हुकमाप्रमाणे तो बाईंच्या पडद्यावर येऊन थांबला.

सर्व्हरवाल्याने तो बाईंच्या खांद्यावरून वाचला आणि कपाळाला हात लावला. "बाई, परत पाठवा हो! काहीतरी खुसपट काढा. तुम्हाला काय अशक्य आहे?"

बाईंनी आदेश वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. विषय होता, तारीख होती, संदर्भ क्रमांक होता. चार दिवसांच्या शेऱ्यांनी साहेब चांगलेच सुधारले होते.

"यात चूक नाही रे काही."

"पण तुमच्याच बदलीचा आहे तो!"

"म्हणून अडवू? मग एकतीस वर्षं मी काय केलं?" बाईंनी वहीत नोंद केली आणि आदेश सोडून दिला. सर्व्हरवाल्यालाच रडू यायचे बाकी राहिले.

तेवढ्यात पुढचे पत्र आले. तेही साहेबांचे. आदेश पाठवल्यावर साहेबांनी लगेच दुसरे पत्र लिहायला घेतले होते, आणि संगणकाने आगाऊपणा करून मघाचाच पत्ता पुन्हा भरला होता. साहेबांनी वर पाहिलेच नाही. विषय होता 'मंगळवारचे जेवण', वर त्या दिवसाची तारीख होती आणि पत्र असे होते :

'प्रिय ताई, आमच्या अध्यक्षबाई मंगळवारी पुन्हा येणार आहेत. त्यांना झडप आणि झारी यांतला फरक कळत नाही, तरी दोन तास बोलतात. मी दाढदुखीचं निमित्त करून बैठक चुकवणार आणि तुझ्याकडे जेवायला येणार. आईला यातलं काही सांगू नकोस. तुझा छोटू.'

सर्व्हरवाल्याचे डोळे लकाकले. "सोडा बाई! विषय आहे, तारीख आहे, खाली नावसुद्धा आहे. तुमच्या नियमात बसतंय!"

"नाही बसत," बाई शांतपणे म्हणाल्या. "पाकीट बंद करण्याआधी वरचं नाव आणि आतलं नाव जुळतं का, ते बघायचं असतं. वर लिहिलंय 'सर्वांना'. आत लिहिलंय 'ताई'. आपल्या यादीत साहेबांची ताई कुठाय?"

त्यांनी पत्राची छापील प्रत काढली, पाकिटात घातली, पाकीट चिकटवले आणि वही काखेत मारून साहेबांच्या खोलीत गेल्या. "गोपनीय आहे, म्हणून हातोहात आणलं. इथे पोच द्या."

साहेबांनी पाकीट फोडले. दुसऱ्या ओळीला त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. "हे... हे कोणाकोणाला गेलं?"

"कोणालाही नाही. पत्ता चुकलाय, म्हणून परत आणलं."

"वाचलं कोणी?"

"मी. आणि सर्व्हरवाल्यानं. वाचणं आमचं काम आहे, सांगत सुटणं नाही."

साहेबांनी घाम पुसला आणि पोचेच्या रकान्यात सही केली. "बाई, तो तुमचा आदेश... तो थांबवा."

"तो गेला साहेब. सव्वातीनला."

"तुम्हीच सोडलात?"

"बरोबर होता. अडवायला कारण नव्हतं. आता रद्द करायचा तर नवीन आदेश काढावा लागेल."

दहा मिनिटांत नवीन आदेश आला : 'बदली रद्द करण्यात येत आहे.' बाईंनी शेरा मारला, 'कारण लिहिलेले नाही. परत.' आदेश पुन्हा आला, 'प्रशासकीय कारणास्तव.' बाईंचा शेरा : 'कोणत्या?' सर्व्हरवाला तोंडात रुमाल कोंबून हसत होता. पलीकडे काचेआड साहेब येरझारा घालत होते. खरे कारण सांगायची सोय नव्हती आणि खोटे बाईंच्या हातून सुटणार नव्हते.

पावणेपाचला तिसरा आदेश आला. 'जावक टेबलावरील बाईंची बदली रद्द करण्यात येत आहे. त्या जागेवरच राहतील. कारण : आधीचा आदेश काढताना माझी चूक झाली.'

एकतीस वर्षांत साहेब लोकांचे हजारो कागद बाईंच्या हाताखालून गेले होते. हे वाक्य त्यांतल्या एकातही नव्हते.

"सोडा ना आता!" सर्व्हरवाला उतावीळ झाला.

"थांब रे. अजून एकदा वाचू दे."

त्यांनी तो आणखी दोनदा वाचला. चुका शोधायला नव्हे. इतका आनंद झाला होता की डोळे त्या ओळीवरून हलेनात. मग त्यांनी क्रमांक घातला, वहीत ठसठशीत अक्षरात नोंद केली आणि बटण दाबले. क्षणभराने वरच्या मजल्यावर कोणीतरी 'माझी चूक झाली' हे मोठ्याने वाचून जोरात टाळी वाजवली, आणि पाठोपाठ जिन्यापर्यंत टाळ्यांचा गलका झाला.

साहेबांचे दार किलकिले झाले. "गेलं का, बाई?"

"गेलं, साहेब," जावकबाई म्हणाल्या. "सर्वांना."