युसूफभाईंचे तीन डबे

दिग्रसच्या बसस्टँडमागे युसूफभाईंचं सायकल-मोपेड दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे गाडीआधी गिऱ्हाइकाचं इंग्रजी दुरुस्त होतं. मी हायस्कुलात वीस वर्षं इंग्रजी शिकवतोय, तरी मलाही सवलत नाही.

"युसूफभाई, चेन ब्रेक झाली," एकदा मी मोपेड ढकलत नेऊन म्हणालो.

"ब्रेक कायले, सर? तुटली असती तं ब्रेक. हे तं नुसती उतरली. कम ऑफ म्हना!"

माझे चार विद्यार्थी शेजारीच पंक्चर काढायला थांबले होते. ते पोट धरून हसले.

दुकानात तीन डबे आहेत. तुटलेलं सामान 'ब्रेक'च्या डब्यात, झिजलेलं 'वेअर आउट'च्या, आणि नुसतं निखळलेलं 'कम ऑफ'च्या. या शेवटच्या डब्यावर त्यांचा फार जीव. "याच्यातला माल पुन्हा कामी येते, सर." ही सगळी विद्या गावातल्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, मशीनबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तकातली. युसूफभाई त्या जिनिंगमध्ये अर्धं आयुष्य फिटर होते.

पुढे कापसाच्या गाड्या येईनाशा झाल्या आणि जिनिंगला कुलूप लागलं. 'क्लोज डाउन झाली' असं कोणी म्हटलं की युसूफभाई भडकायचे. "शट डाउन म्हना! क्लोज डाउन म्हंजे धंदाच खतम. शट डाउन म्हंजे मशीन बंद करून ठेवली. खटका दाबला का सुरू!"

दर शुक्रवारी नमाजनंतर ते चौकीदाराकडून कुलूप उघडून घ्यायचे आणि मशीनला तेल द्यायचे. सांगितलं कोणी नव्हतं, तेलही घरचंच. असे सहा हंगाम गेले. मी याला खुळेपणा म्हणायचो. आता तसं म्हणवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मालकाने मशीन भंगारात काढली. ट्रक बसस्टँडवरूनच गेला.

दुसऱ्या दिवशी मला राहवेना, पण जाऊन बोलायचं काय तेही सुचेना. शेवटी घरीच मोपेडची चेन हाताने उतरवली आणि ढकलत दुकानात नेली.

"युसूफभाई, चेन ब्रेक झाली," मी मोठ्याने म्हणालो.

त्यांनी चेनकडे पाहिलं.

"हो सर. ठेवा, करून देतो."

चेन बसली, हात पुसून झाले, तरी मी उभाच होतो. कोणीतरी आपली चूक काढावी म्हणून मी इतका वेळ कधीच थांबलो नव्हतो.