एक खुर्ची जास्त

सरकारी लेखापरीक्षकाच्या मुलाखतीची माझ्याइतकी तयारी कुणी केली नसेल, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. क्लास मी लावला नाही. ज्यांनी जन्मात स्वतःचं कपाट मोजलं नाही, ते लोक 'पडताळणीची सोपी सूत्रे' छापून विकतात आणि आपण रांग लावून घेतो. मला असल्या सूत्रांचा तिटकारा आहे. लेखी परीक्षा मी घरीच अभ्यास करून पास झाले होते. सोमवारी अकराला प्रात्यक्षिक आणि मुलाखत. वयाच्या अटीप्रमाणे ही शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी मी सरकारच्या हिशेबी म्हातारी होणार होते.

म्हणून रविवारी सकाळी मी जाहीर केलं, "आज या घराचं लेखापरीक्षण होणार आहे."

"आधी केर काढ," आई म्हणाली.

लेखापरीक्षणात अर्धसमास नावाचा एक कागद असतो. तो उभा दुमडायचा. डाव्या बाजूला परीक्षकानं शंका लिहायची, उजवी बाजू समोरच्याच्या उत्तरासाठी कोरी सोडायची. मी असे वीस कागद दुमडून ठेवले होते. पहिला आईला दिला : 'आपल्या यादीनुसार चमचे बारा. प्रत्यक्षात अकरा. खुलासा करावा.'

आईनं हात पुसले, पेन मागून घेतलं आणि उजव्या बाजूला लिहिलं : 'तू पाचवीत असताना डब्यातून नेलास. हरवलास. विषय बंद.'

इतकं स्वच्छ उत्तर मी पुढे कुठल्याही कार्यालयात पाहिलं नाही.

दुपारपर्यंत उशा, बादल्या, पंखे उरकले. राहिली माझी अभ्यासाची खुर्ची. सहा वर्षं तिच्यावर बसून मी सरकारी मालमत्तेचे नियम पाठ केले होते. ती उलटी केली, तर बुडाला पांढऱ्या रंगात ठसठशीत आकडा : 'भां. ३७'.

बाबा पाणीपुरवठा खात्याच्या भांडाराचे प्रमुख. भां. म्हणजे भांडार, तेव्हा ती कुठून आली हे विचारायची गरज नव्हती. तरी विचारलं.

"दुरुस्तीला आणली होती," बाबा म्हणाले.

"कधी?"

"तू चौथीत होतीस बहुतेक."

"अजून दुरुस्त झाली नाही?"

"झाली की. म्हणून तर बसतेस."

मुलाखतीला जाताना एक घोषणापत्र सही करून द्यायचं होतं : माझ्या वा कुटुंबीयांच्या ताब्यात कोणतीही सरकारी वस्तू नाही. खोटं निघालं तर उमेदवार कायमचा बाद.

"कर सही," बाबा म्हणाले. "सगळेच करतात. मला निवृत्तीला चार महिने राहिलेत. सदतीसच्या नादात माझं पेन्शन अडकवू नकोस."

"मी उद्या गुपचूप परत ठेवते. कोणाला कळणार नाही."

बाबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते असे पेपराआड गेले की समजायचं, पुढे काहीतरी वाईट आहे आणि त्यांना ते माहीत आहे.

सोमवारी नऊला मी रिक्षातून खुर्ची घेऊन भांडाराच्या फाटकात उतरले. बाबांनी मला लांबूनच पाहिलं आणि ते टाकीची पातळी बघायला शिडीवर चढले. मी तिथून जाईपर्यंत ते खाली आले नाहीत.

भांडारातल्या कारकुनानं खुर्ची उलटी केली, आकडा वाचला आणि दार लावून घेतलं.

"ताई, सदतीस नंबर आमच्याकडे आहे."

"कसा असेल? तो माझ्या हातात आहे."

त्यानं कोपऱ्यातली खुर्ची दाखवली. तिच्याही बुडाला ३७. रंग मात्र ताजा. "सासुरवाडीहून आणली," तो म्हणाला. "दरवर्षी तपासणीला एक कमी भरायची. साहेबांचा जीव कासावीस व्हायचा. आता वहीत चाळीस, मोजून चाळीस. कसं गुण्यागोविंदानं चाललंय."

"मग ही घ्या आणि तुमची परत न्या."

"सासऱ्यांना काय सांगू? आणि दोन्ही ठेवल्या तर एकेचाळीस होतात. कमी पडली तर हरवली म्हणता येतं, ताई. जास्त झाली तर काय सांगायचं, व्याली?"

यावर लेखापरीक्षणाच्या एकाही पुस्तकात उत्तर नाही. मी सगळी वाचली आहेत.

खुर्ची पुन्हा रिक्षात घातली, तेव्हा रिक्षावाला म्हणाला, "रस्त्याच्या कडेला ठेवून देऊ." म्हणजे सरकारी मालमत्ता उघड्यावर टाकायची. शेवटी मी रिक्षातच घोषणापत्रावर सही केली. त्या क्षणी खुर्ची आमच्या कुटुंबाच्या ताब्यात नव्हती, रिक्षाच्या ताब्यात होती. इतकी प्रामाणिक सही त्या दिवशी कुणी केली नसेल.

मुलाखतीच्या कार्यालयात खुर्ची बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला लावली आणि कागदपत्रं दाखवायला गेले. परत आले तर भिंत मोकळी. शिपायानं आम्हा आठ उमेदवारांना दालनात घेतलं. सगळ्यांत शेवटच्या रांगेत, जणू जन्मापासून तिथंच असल्यासारखी, माझी खुर्ची.

निवड समितीच्या अध्यक्षबाईंनी प्रात्यक्षिक सांगितलं. "या दालनातल्या खुर्च्या मोजा, आमच्या नोंदवहीशी ताडून पाहा आणि निष्कर्ष लिहून सही करून द्या. पंधरा मिनिटं."

वहीत चोवीस. दालनात पंचवीस.

सात जण जमिनीवर उताणे पडून खुर्च्यांची बुडं वाचायला लागले. टाय लावलेला एक उमेदवार ओरडला, "हीच ती. भां. ३७. दुसऱ्या खात्याची आहे." मग आवाज खाली आणून मला म्हणाला, "मुद्दाम ठेवली असणार. काय डोकं आहे या लोकांचं."

समितीच्या लोकांचे चेहरे मात्र उतरले होते. अध्यक्षबाईंनी शिपायाला जवळ बोलावलं. "ही कुठून आली?"

"ही पहिल्यापासूनच इथं आहे, बाई," शिपाई म्हणाला. सरकारी नोकरीत इतक्या ठामपणे बोलायला निदान वीस वर्षं लागतात.

खरं फक्त मला माहीत होतं. पंचवीस लिहाव्यात तर माझीच खुर्ची दुसऱ्याच्या माथी मारायची. सगळं लिहावं तर बाबा आणि त्यांचं पेन्शन गोत्यात. मी लिहिलं : 'चोवीस. नोंदवही बरोबर.' आणि सही ठोकली.

मुलाखतीत बाईंनी माझा कागद पुढे केला. "सात जणांना पंचवीस दिसल्या. तुम्हाला चोवीस कशा?"

"पंचविसावी तुमची नाही, बाई. मी आणली."

"मुलाखतीला खुर्ची घेऊन आलात?"

"ठेवायला जागा मिळाली नाही."

बाईंनी माझा कागद उलटा ठेवला. "कुठल्या खात्याची आहे?"

डोळ्यांसमोर शिडीवरचे बाबा आले. "ज्या खात्याचा आकडा आहे, तिथं सगळ्या खुर्च्या जागेवर आहेत, बाई. एकही कमी नाही. आज सकाळीच पाहून आले." यातला एकही शब्द खोटा नव्हता.

बाईंचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. कुणाची हरवलीच नाही, म्हणजे चोरीची नाही.

"मग मी घेऊन जाऊ?" मी विचारलं.

"आता कशी नेणार? सात जणांनी सहीनिशी पंचवीस लिहून दिल्यात. उद्या चोवीस भरल्या तर उत्तर मी द्यायचं." त्यांनी शिपायाला हाक मारली. "अहो, रंगाचा डबा आणा."

महिन्याभरानं निकाल लागला. टायवाला पहिला. माझ्या नावापुढे शेरा : 'मोजणीत एकाची चूक. अपात्र.' त्या दालनात खरं मोजणारी मी एकटी, आणि चूक माझी. या शेऱ्याविरुद्ध मी तीन अर्ज केले. तिन्हींची पोच आली, उत्तर नाही.

बाबा वेळेवर निवृत्त झाले. पेन्शनही सुरू झालं. निरोपाच्या भाषणात त्यांच्या चोख नोंदींचं कौतुक झालं, आणि कारकुनानं सर्वांत जास्त टाळ्या वाजवल्या.

हे मी पत्र्याच्या ट्रंकेवर बसून लिहिते आहे, पाठ मोडली आहे. काल आईनं एक कागद माझ्यापुढे टाकला. उभा दुमडलेला. माझ्याच वीसमधला. डाव्या बाजूला लिहिलं होतं : 'घरात एक खुर्ची कमी. खुलासा करावा.'

मी पेन घेतलं आणि उजव्या बाजूला लिहिलं : 'सरकारी नोकरीत कायम झाली. विषय बंद.'