ओदुरो मास्तरांची अटक

'तुम्हाला कधी अटक झाली आहे का?' या प्रश्नापुढच्या 'हो'वर ओदुरो मास्तरांनी अशी ठसठशीत खूण केली, की तिचा वळ खालच्या दोन पानांवर उमटला. नागरिकत्वाचा अर्ज भरायला बसलेल्या त्यांच्या मुलीने, आसाबेआने, त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"बाबा, हे काय केलंत?"

"विचारलंय, सांगितलं."

"अहो, हा प्रश्न चोर-दरोडेखोरांसाठी असतो."

"मग एखादा सभ्य माणूसही दिसू दे त्यांना त्यात."

आता मास्तरांची अटक अमेरिकेतल्या कोलंबस शहरातल्या झाडून साऱ्या घानावाल्यांना पाठ होती. एकेचाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या अडोंक्रोम गावच्या नगरमंडळाने भर गावातला बाजार उचलून स्मशानापलीकडे न्यायचं ठरवलं. बाजारातल्या बायका ट्रकसमोर आडव्या बसल्या. पोलिसांनी त्यातल्या अकरा जणींना नेलं. "आणि बाराव्याला, म्हणजे मला," असं मास्तर इथे थांबून सांगत. गणिताचे मास्तर, नोकरीत नवे, तरी शनिवार दुपारपासून रविवार सकाळपर्यंत कोठडीत बसले, आणि बाजार मात्र जागचा हलला नाही. बारसं असो की तेरावं, ही गोष्ट व्हायचीच. कोठडीत पहिल्या वर्षी एक उंदीर होता. गेल्या ईस्टरला चार झाले होते.

गोष्ट कोठडीच्या दाराशी आली, की मास्तरांची बायको सेर्वा सूप तळाला लागेल म्हणून स्वयंपाकघरात जायची. चाळीस वर्षांत तिने या गोष्टीत एक शब्द घातला नव्हता आणि एक काढलाही नव्हता.

सेर्वा अमेरिकेत आधी आली, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला. सात वर्षांपूर्वी ती नागरिकही झाली. तेव्हा ना चर्चा, ना गाजावाजा. एका सकाळी मुलाखतीला गेली, दुपारी घरी आली आणि जेवणाचा फुफू कुटायला बसली. त्याचा परिणाम असा झाला, की गावाहून परतताना विमानतळावर ती नागरिकांच्या रांगेतून पाच मिनिटांत बाहेर पडायची आणि मास्तर परक्यांच्या रांगेत पाऊण तास उभे राहायचे. बाहेर येऊन पाहावं तर बायको बॅगेवर बसून शेंगदाणे खातेय. ज्याने गावाचा बाजार राखला त्याने बायकोला ताटकळत ठेवावं, हे मास्तरांना सहन होत नव्हतं. म्हणून हा अर्ज.

वकीलबाई आपल्यातल्याच, अक्राच्या, मिस टेट्टे. त्यांनी चष्मा वर करून सगळ्यांना बजावलं, "काहीही लपवायचं नाही. मिटलेलं, माफ झालेलं, कोर्टात न गेलेलं, सगळं सांगायचं. गुन्हा केवढासा का असेना, लपवणं मोठं धरतात."

मास्तरांनी मुलीकडे असं पाहिलं, की तिने खिडकीबाहेर बघितलं.

"पण कागद लागेल," मिस टेट्टे म्हणाल्या. "अटक केल्याचा आणि सोडल्याचा. पोलिसांच्या शिक्क्यासकट."

"दोन दिवसांत आणतो," मास्तर म्हणाले.

दोन महिने लागले. अडोंक्रोममध्ये मास्तरांचा भाचा येबोआ शिंपीकाम करायचा. तो दुकान बंद करून पोलीस ठाण्यात खेटे घालत राहिला. एका रविवारी त्याचा फोन आला. चर्चहून सगळे नुकतेच घरी आले होते. मास्तरांनी फोन टेबलाच्या मधोमध ठेवून आवाज मोठा केला. बाकीच्यांनाही ऐकू जायला हवं होतं.

"मामा, चांगली बातमी आहे. तुमचं नावच नाही अटकेच्या वहीत."

आसाबेआ देवाचं नाव घेऊन खुर्चीत टेकली. मास्तर उभे राहिले.

"नीट बघितलंस?"

"तीनदा. अकरा नावं आहेत, सगळ्या बायका."

"पान कुरतडलेलं असेल."

"अख्खं आहे मामा. फोटो पाठवतो, शिक्का मारून घेतलाय." येबोआ जरा घुटमळला. "तेव्हाचा सार्जंट अजून आहे. ठाण्यासमोरच बसलेला असतो. त्याला तुम्ही चांगले आठवता."

"बघ. काय म्हणाला?"

"राहू द्या ना."

"येबोआ, बोल."

"तो म्हणाला, मास्तरांना अटक कोण करतंय. ते आपणहून आले आणि बाहेरच्या बाकावर बसले. म्हणाले, बायका सुटेपर्यंत हलणार नाही. जा म्हटलं तर जाईनात, आणि मास्तर माणसाला हात कोण लावणार? शेवटी आम्ही त्यांना मक्याचं केंके आणि तळलेली मासळी दिली. ते पेपर तपासत बसले. माझ्या पोराला त्यांनी माझ्याच ठाण्यात बसून नापास केलं."

सेर्वा उठली आणि स्वयंपाकघरात सूप ढवळायला गेली. शेगडीवर सूप नव्हतं. तिने रिकामं पातेलं ढवळलं आणि परत आली.

मास्तरांनी वहीच्या पानाचा मोठा फोटो छापून आणला आणि भिंग घेऊन बसले. पानावर वरून खाली, खालून वर, समासात, दोन ओळींच्या मधल्या जागेत त्यांनी एकच नाव शोधलं, ते म्हणजे स्वतःचं. ते नव्हतंच.

येबोआच्या बायकोने ही हकिगत बहिणीला सांगितली आणि बहीण कोलंबसमधल्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होती. संध्याकाळपर्यंत कोलंबसमध्ये बातमी फिरली. दुसऱ्या दिवशी मास्तर रताळी आणायला दुकानात गेले, तर मंडळाचे अध्यक्ष फ्रिंपोंग तिथेच भेटले. माणूस जन्मापासून तिरकस.

"काय मास्तर, मासळी ताजी होती का?"

मास्तर रताळी न घेताच घरी आले. आठवड्यावर मंडळाचा वार्षिक मेळावा होता आणि दरवर्षी पुढची खुर्ची 'गावाचा कैदी' म्हणून मास्तरांची असायची. त्यांनी तब्येतीचं कारण कळवलं आणि त्या दिवशी दिवसभर गच्च पडदे ओढून बसले. कागद मिळाला म्हणून आनंद करावा की एवढा ताठ बाप असा मिटला म्हणून रडावं, आसाबेआला कळेना.

इकडे मिस टेट्टेंची वेगळीच पंचाईत. अर्ज तर 'हो' म्हणून सहीनिशी गेला होता.

"मास्तर, वीस वर्षांत माझ्याकडे खोटं 'नाही' लिहिणारे शेकड्यांनी आले. खोटं 'हो' लिहिणारे तुम्ही पहिले."

"खोटं नाही ते."

"मग चुकीचं म्हणू. मुलाखतीत दुरुस्त करता येतं. अधिकारी विचारतील, तुम्ही 'नाही' म्हणायचं. एका शब्दाचं काम आहे."

"एक शब्द," मास्तर म्हणाले. "म्हणजे एकेचाळीस वर्षं मी थापा मारल्या, हे मी शपथेवर, परक्या माणसासमोर सांगायचं."

"आणि नाही सांगितलं, तर ती थाप आता शपथेवरची होईल. मग रांग विसरा. कदाचित देशही विसरा."

मास्तर घरी आले आणि पुन्हा भिंग घेऊन त्या पानावर वाकले.

मुलाखत जानेवारीत होती. बाहेर घोटाभर बर्फ. मास्तरांनी कोट घालायला साफ नकार दिला आणि लग्नातलं केंते वस्त्र काढलं. मान खाली घालायचीच तर आपल्या कपड्यात घालू, असा त्यांचा हिशेब. सेर्वाने ते त्यांच्या खांद्यावर नीट बसवून दिलं. खाली बर्फाचे बूट होते, त्याला इलाज नव्हता.

"मास्तर, खरं तेवढंच सांगा," ती म्हणाली. "थोडं कमी पडलं तरी पुरतं."

कचेरीत सेर्वा बाहेर थांबली आणि मास्तर मिस टेट्टेंबरोबर आत गेले. अधिकारी बाई चाळिशीच्या, शांत. मास्तर टेबलासमोर उभे राहिले, त्यांनी बूट काढले आणि डाव्या खांद्यावरचं वस्त्र खाली सोडायला सुरुवात केली. बाई खुर्ची मागे सरकवून उठल्या.

"सर, त्याची काही गरज नाही."

"मॅडम, तो मान आहे," मिस टेट्टे घाईने म्हणाल्या. "आमच्याकडे गावप्रमुखासमोर असंच उभं राहतात."

बाईंनी स्वतःच्या छोट्याशा केबिनकडे एकदा पाहिलं. "बरं. आभारी आहे. पण घ्या वर, गारठाल."

शपथ झाली. इतिहासाचे आणि राज्यघटनेचे प्रश्न मास्तरांनी पहिलीतल्या पाढ्यांसारखे म्हणून दाखवले. मग बाईंनी पान उलटलं आणि त्या ठसठशीत खुणेवर बोट ठेवलं.

"इथे अटक 'हो' आहे. ती कधी झाली?"

मिस टेट्टेंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी वस्त्र सावरलं.

"झाली नाही," ते म्हणाले. "मी बाहेर बाकावर होतो. दार उघडं होतं. मला जा म्हणत होते."

"मग 'हो' का लिहिलंत?"

"चाळीस वर्षं सांगत आलो, बाई. सांगता सांगता मलाच आत असल्यासारखं वाटायला लागलं. आत अकरा बायका होत्या, मी नव्हतो. मला जेवण दिलं होतं. उंदीरही नव्हते."

"उंदरांचं मी विचारलं नाही."

"माहीत आहे. पण शपथ घेतलीय."

बाईंनी लाल पेनाने 'हो' खोडलं, 'नाही' केलं आणि मास्तरांची बाजूला सही घेतली. उभ्या आयुष्यात त्यांनी फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिलं नव्हतं आणि आज सगळ्यात मोठं उत्तर त्यांना परक्या बाईसमोर पुसायला लागलं होतं.

"हा कागद फाइलला लावते," बाई वहीचं पान उचलत म्हणाल्या. बाई कामाच्या चोख, लावण्याआधी अकराच्या अकरा नावं वाचू लागल्या. सातव्या नावावर थांबल्या, अर्जाचं दुसरं पान काढलं, पुन्हा वहीकडे पाहिलं.

"सेर्वा बोआतेमा. तुम्ही अर्जात पत्नीचं लग्नाआधीचं नाव हेच दिलंय."

मिस टेट्टे एकदम छताकडे बघू लागल्या. मास्तरांनी खिशातून भिंग काढलं. सातवी ओळ. नाव, गाव शेजारचं, वय एकोणीस, धंदा बाजारात विक्री. महिनाभर ज्या पानावर ते नाक टेकवून बसले होते, त्या पानावर ती त्यांच्याकडे बघत होती.

"हा तुमच्या अर्जाचा विषय नाही," बाई म्हणाल्या. "तुमचा अर्ज मंजूर करतेय. अभिनंदन."

मास्तर बाहेर आले. बुटाची नाडी लोंबत होती. सेर्वा बाकावर मांडीवर डबा घेऊन बसली होती.

"झालं?"

"झालं." मास्तर शेजारी बसले. "सातवी."

सेर्वाने डब्याचं झाकण पक्कं केलं. "हं."

"टोमॅटो विकायचीस?"

"कांदे. टोमॅटो आई विकायची."

"तुझ्या अर्जात लिहिलं होतंस?"

"विचारलं होतं, सांगितलं."

"आणि मला?"

"तुम्ही कुठे विचारलंत? आधी माझ्या बाबांची ताकीद होती, बाहेर बोलायचं नाही म्हणून. मग तुम्ही सांगायला लागलात. इतके रंगात यायचात, की मध्ये बोलवेना."

"सकाळी तुम्हाला सोडलं, तेव्हा मी तिथेच होतो की. मला कशी दिसली नाहीस?"

"घोरत होतात. पेपर छातीवर. आम्ही अकरा जणी पाय न वाजवता गेलो, तुमची झोप मोडू नये म्हणून."

मास्तरांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "सेर्वा, मी आत नव्हतो गं. फुकट मिरवलो."

"आत आम्ही होतो, आम्हाला बाहेरून कुलूप होतं," सेर्वा म्हणाली. "कुलूप लावल्यावर कुणीही बसतं. गजांतून मला बाक दिसायचा. खडूने माखलेला एक काटकुळा माणूस पेपर तपासत बसलेला. सार्जंट दर तासाला जा म्हणतोय, आणि हा म्हणतोय, सातवा प्रश्न पुन्हा बघतो. दार उघडं होतं, मास्तर. तुम्हाला जाता येत होतं."

मास्तरांनी हातातलं भिंग खिशात घातलं.

"वर्षाने तुमची माणसं आमच्या घरी दारूच्या बाटल्या घेऊन मागणी घालायला आली. आपल्यात मुलीला तीनदा विचारतात ना, घेऊ का बाटल्या म्हणून? मी पहिल्यालाच हो म्हटलं. मावशीने असा चिमटा काढला, की महिनाभर दंड काळा होता. कोठडीत बसलेल्या माणसासाठी मी नसता खाल्ला तो चिमटा. बाकावर बसलेल्यासाठी खाल्ला."

ती उठली आणि वाकून त्यांच्या बुटाची नाडी बांधू लागली. मास्तरांनी तिला बांधू दिलं नाही. स्वतः वाकून बांधली, कारण डोळे पुसायला तेवढाच आडोसा होता.

ईस्टरला मंडळाचं जेवण होतं. मास्तर केंते नेसून आले, ताठ, आणि पुढच्या खुर्चीत बसले नाहीत. त्यांनी सेर्वाचा हात धरून तिला तिथे बसवलं. फ्रिंपोंगने मासळीचं काहीतरी काढलंच, पण मास्तरांनी हात वर केला.

"मासळी ताजी होती. मी बाहेर बाकावर बसून खाल्ली. आत कोण होतं ते आज सांगतो." आणि एकोणीस वर्षांच्या कांदेवालीची गोष्ट त्यांनी अशी रंगवली, की फ्रिंपोंगच्या हातातला घास हातातच राहिला. आसाबेआ आईकडे टक लावून बघत होती. गोष्ट कोठडीच्या दाराशी आली. सगळ्यांनी सवयीने स्वयंपाकघराच्या वाटेकडे पाहिलं. सेर्वा उठली नाही.

"दार लागलं," मास्तर म्हणाले, "आणि अंधारात उंदीर. सहा."

"एकही नव्हता," सेर्वा खुर्चीतूनच म्हणाली.

मास्तरांनी मान डोलावली. आतलं तिलाच जास्त माहीत, असं म्हणून त्यांनी सहातून सहा वजा केले आणि गोष्ट पुढे चालू केली.