एक निरोप, चार डॅक

पूर्वी ऐकण्याचं काम कान करीत असत. ही पद्धत स्वस्त होती, पण तिच्यात एक मोठा दोष होता. समोरचा जे बोलला तेच ऐकू यायचं आणि मग त्याबद्दल काहीतरी करावं लागायचं. विज्ञानाने हा त्रास बऱ्याच अंशी दूर केला आहे.

त्यातला पहिला टप्पा फोनवाल्यांनी गाठला. त्यांनी फोनचं हेडफोन लावायचं गोल भोक बुजवून टाकलं. त्यामुळे फोन पातळ झाला, आणि ते भोक परत मिळवायला जी डबी लटकवावी लागते तिच्यामुळे पुन्हा जाड झाला. या डबीला डॅक म्हणतात. फोनच्या किंवा कंप्युटरच्या पोटात आवाज आकड्यांच्या रूपात असतो आणि आकडे कानाला कळत नाहीत (आमच्या अध्यक्षांना कळतात, ते करसल्लागार आहेत). डॅक त्या आकड्यांचा आवाज करून देतो. असा एक डॅक फोनमध्ये आधीपासून असतोच, पण तो फुकटात आलेला असल्यामुळे त्याला कुणी विचारत नाही.

बाजारात डॅक उदंड आहेत. गोरगरीब जनता त्यातला कुठलाही घेते आणि सुखाने गाणी ऐकते. हा अंधार दूर व्हावा म्हणून आम्ही सूक्ष्मश्रवण मंडळ स्थापन केलं. सदस्य तीन. अध्यक्ष, म्हणजे वर उल्लेखिलेले करसल्लागार. दुसरे दंतवैद्य, दिवसभर ड्रिल ऐकून ज्यांना शांततेची पारख आली आहे. तिसरा मी, चिटणीस. मला विशेष काही ऐकू येत नाही, पण माझं अक्षर बरं आहे.

सभा अध्यक्षांच्या आतल्या खोलीत भरतात. खिडक्या लावतात, पंखा बंद करतात. फ्रीजच्या घरघरीने सूक्ष्म तपशील झाकले जातात, म्हणून फ्रीजही बंद करतात. याबाबत वहिनींनी (अध्यक्षांच्या पत्नी, शाळेत शिकवतात) दुधाचा हवाला देऊन तोंडी हरकत घेतली होती. चाचणी चालू असल्यामुळे ती कुणाच्या कानावर गेली नाही.

यंदा चार डॅकची तुलना करायची ठरली, तेव्हा पहिला वाद नमुन्यावरून झाला. दंतवैद्यांना तबला हवा होता, मला बासरी. अध्यक्षांनी दोन्ही फेटाळली. ‘वाद्य कसं वाजलं पाहिजे हे तुम्हाला काय माहीत? आवाज असा हवा, की जो आपण लहानपणापासून ओळखतो,’ ते म्हणाले. असा आवाज त्यांच्याकडे होता. आई लवकर गेली, तेव्हापासून त्यांना त्यांच्या ताईने वाढवलं. शाळा सुटल्यावर फाटकाशी पन्नास बाया ओरडत असल्या, तरी ताईची हाक त्यांना बरोबर कळायची. योगायोगाने सोमवारीच ताईचा निरोप फोनवर येऊन पडला होता आणि त्यांनी तो न ऐकता ठेवला होता.

‘ताईचा निरोप असा उभ्याउभ्या ऐकायचा नसतो,’ अध्यक्ष म्हणाले. ‘नीट बसून, चांगल्या डॅकवर ऐकायचा.’ भावाबहिणीचं इतकं प्रेम हल्ली कुठे बघायला मिळतं?

निरोप पुढीलप्रमाणे होता: ‘अरे, मी बोलतेय. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे बोलून ठेवतेय. गुरुवारी सकाळी डोळ्याचं ऑपरेशन आहे. उजव्याचं झालं तेव्हा तुझे भाऊजी होते सोबत. आता डाव्याला कोण आहे? घरचं माणूस असल्याशिवाय आत घेत नाहीत म्हणे. तू ये. भीती वाटते रे. एवढंच. ठेवते.’

निरोप संपला. अध्यक्षांनी हळूच हेडफोन काढला.

‘काय आवाजाचा मधला पट्टा आहे!’ ते म्हणाले.

नमुना सर्वानुमते मंजूर झाला. दंतवैद्यांनी फक्त एवढंच म्हटलं, की बोललेला निरोप फोन आधीच दाबून चेपून पाठवतो, तेव्हा भारी डॅक लावून त्यात नवीन काय येणार? या मुद्द्याची नोंद घेण्यात आली आणि त्यांना मत मांडल्याबद्दल बिस्किट देण्यात आलं.

चाचणी शास्त्रशुद्ध होती. कोणता डॅक लावलाय ते दिसून मन कलुषित होऊ नये, म्हणून ऐकणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची. डॅकची नावं झाकून त्यांना अ, ब, क, ड म्हणायचं.

अ म्हणजे बोटभर वायर आणि शेवटी एक बोंड. यावर ताई बरी वाटली, पण ‘रे’ लवकर संपला. ब काडेपेटीएवढा, धातूचा. यावर ‘भीती’मधला भ छातीतून येतो आणि ‘रे’ पार मागच्या भिंतीपर्यंत जातो. क ला स्वतःची बॅटरी आहे, त्यामुळे तो फोनची खात नाही, मात्र हातात धरवत नाही इतका तापतो. क ची पार्श्वभूमी इतकी स्वच्छ, की ताईच्या मागे कुठेतरी नळ ठिबकतोय हे प्रथमच उघडकीला आलं. मंडळात आनंदाची लाट पसरली. अध्यक्षांनी ताबडतोब ताईला लिहून पाठवलं: ‘ताई, तुझा नळ ठिबकतोय. वॉशर बदलून घे.’

लगेच उत्तर आलं: ‘बरं. गुरुवारचं काय?’

उत्तराची टिंग नेमकी दंतवैद्यांच्या कानात वाजली आणि त्यांची फेरी बाद धरावी लागली. पुन्हा असं होऊ नये म्हणून अध्यक्षांनी येणारे फोन आणि संदेश बंद करून ठेवले.

ड सर्वांत महाग. त्यावर एक दिवा आहे, आवाज उच्च प्रतीचा असला की निळा होतो. ताईच्या आवाजाला तो शेवटपर्यंत निळा झाला नाही, याचं अध्यक्षांना मनापासून वाईट वाटलं. पण ड ची खरी करामत पुढे आहे. ‘तू ये’ आणि ‘भीती’ यांच्या मध्ये ताई आवंढा गिळते. अ वर तो ऐकूच येत नाही. ब वर काहीतरी झालं एवढं कळतं. ड वर तो आवंढा आपल्याच घशातून खाली उतरतो. अध्यक्षांनी तो पुन्हा पुन्हा ऐकला. पट्टीखालून पाणी ओघळलं.

‘केवढी खोली आहे हो आवंढ्याला,’ ते म्हणाले. ‘ताईशिवाय कुणाला जमायचं नाही हे.’

बुधवारअखेरची आकडेवारी अशी: एकूण श्रवणं एकशे बारा. सदस्य सद्गदित झाले, नऊ वेळा (पैकी ड वर सात). बोटं भाजली, चार वेळा (सर्व क वर). आशयाकडे लक्ष गेलं? हा रकाना तक्त्यात नव्हता.

अंतिम फेरी गुरुवारी सकाळी ठेवली होती. अध्यक्षांनी त्यासाठी ऑफिस बंद ठेवलं. दंतवैद्यांनी ठणकणारे सगळे दात दुपारवर ढकलले. माझ्या आणि दंतवैद्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. अध्यक्ष क काढून ड लावायला गेले आणि वायर निसटली. फोनला वाटलं, आता आपणच बोलायचं. त्याच्या खालच्या चिमूटभर जाळीतून ताईचा आवाज खणखणत बाहेर आला, पत्र्याचा डबा बडवावा तसा. ना ऊब, ना खोली.

वहिनी शाळेत निघाल्या होत्या. एक चप्पल पायात, एक हातात, अशा त्या दारात आल्या (हे मला नंतर कळलं). शेवटच्या बाकावरची कुजबुज ओळखण्यात त्यांची हयात गेली आहे.

‘गुरुवार म्हणजे आज ना?’ त्यांनी विचारलं.

‘शू!’ अध्यक्ष म्हणाले.

‘शू काय शू? ताई तिकडे एकट्या बसल्यात आणि तुम्ही घोडे इथे आंधळी कोशिंबीर खेळताय?’

हे वाक्य चारही डॅक बाजूला ठेवून ऐकलं, तरी अतिशय स्पष्ट होतं. वहिनींनी शाळेला रजा कळवली, फ्रीज चालू केला आणि निघून गेल्या.

अध्यक्षांचा चेहरा पडला. त्यांना वाईट वाटलं, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. ‘अरे, खरंच की,’ ते दोनदा म्हणाले. मग म्हणाले, ‘पण ती गेलीय ना आता. आपण गर्दी करून काय करणार?’ फ्रीज बंद करून अंतिम फेरी पुन्हा सुरू झाली.

पुढचं वहिनींकडून कळलं. ताई ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सोबत कोण आहे, असं नर्स येऊन विचारायची. ‘भाऊ येतोय. वाटेतच आहे,’ ताई सांगायच्या. त्यांच्या नंतरच्या तिघी आत जाऊन बाहेर आल्या होत्या.

ऑपरेशन नीट पार पडलं. संध्याकाळी वहिनी ताईंना आमच्या सभेच्या घरीच घेऊन आल्या. डोळ्यावर पट्टी पाहून दंतवैद्यांना वाटलं, नवीन सदस्य. अध्यक्ष धावत पुढे झाले, ताईचा हात धरून खुर्चीत बसवलं, पाठीमागे उशी दिली. मग त्यांना राहवेना. चार डॅक एका बाजूला आणि मूळ आवाज साक्षात समोर, असा योग परीक्षकाच्या आयुष्यात एकदाच येतो.

‘ताई,’ ते म्हणाले, ‘एकदाच, जसं तेव्हा म्हणालीस तसं म्हण ना. भीती वाटते रे.’

ताईने उघड्या डोळ्याने भावाकडे पाहिलं.

‘आता नाही वाटत,’ ती म्हणाली.

वाक्य नमुन्याशी जुळत नसल्यामुळे तुलना रद्द करण्यात आली.

अहवाल लिहिताना माझं एके ठिकाणी अडलं. ऑपरेशन कोणत्या डोळ्याचं होतं, हे नमुन्याच्या वर्णनात घालायचं होतं. मी मंडळात विचारलं. अध्यक्ष म्हणाले उजवा, दंतवैद्य म्हणाले दोन्ही, आणि मला वाटत होतं की गुडघा. वहिनींना विचारायची कुणाची छाती झाली नाही.

असो. वाचकांनी इथवर धीर धरला तो एकाच प्रश्नासाठी, हे आम्ही जाणतो. शेवटी घ्यायचा कोणता? ब घ्या. वाजवी आहे, तापत नाही, कंप्युटरलाही चालतो.

आणि ताईचा डोळा कोणता? तुम्ही तर निरोप अख्खा वाचलात, आणि आत्ता आम्हाला हसलातही. सांगा बघू. वर जाऊन बघायचं नाही.